पोच्याची पोच

मंचरला मी दोन वर्षं लोकांना इंग्रजी बोलायला शिकवत होतो. मला स्वतःला ते बोलता येत नाही, ही गोष्ट गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो मी. पुढे ही संख्या वाढली.

एम.ए.च्या पहिल्याच वर्षात इंग्रजीनं मला नापास केल्यावर महाळुंगे पडवळला घरी बसून वडिलांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा आपण इंग्रजीचाच सूड घ्यावा असं मी ठरवलं. सूड म्हणजे वर्ग. जागा मिळाली ती पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानावरची खोली. खोलीचे मालक म्हणजे खालचे शेठ. दर भाडेकरूची करतात तशी माझी चौकशी त्यांनी केली नाही. जिन्यात थांबून एकच प्रश्न विचारला.

"सर, तुमची पोरं पाय लई आपटत्यात का?"

"नाही. का हो शेठ?"

"खाली मी नावं घालतो. वरून दणका बसला की सुई सरकती. मागच्या भाडेकरूच्या पायी एका 'रमेश'चा 'रामेश' झाला. नको तिथं काना पडला."

"मग काय केलंत?"

"काय करनार? भांड्यावर घातलेलं मोडता येतंय व्हय? कान्यावर फूल काढलं."

नावं घालणं म्हणजे लग्नाकार्याच्या भांड्यांवर बारीक विजेच्या मशीननं टिंबटिंब करत 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' वगैरे कोरणं. ते मशीन पेनासारखं हातात धरायचं. त्याचा आवाज असा की दाढेत कोणीतरी खिळा फिरवतंय असं वाटायचं. शेठ सकाळपासून दुपारपर्यंत ते धरून बसत. मशीन बंद केल्यावरही त्यांचा उजवा हात थोडा वेळ थरथरत राही, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्याचा हात असल्यासारखं बघत.

त्या फुलाचं गुपित मला त्या जिन्यात कळलं म्हणून बरं. गिऱ्हाइकांना ते ठाऊक नव्हतं. एकदा निरगुडसरच्या एका पार्टीच्या ताटांवर नवरीच्या मामाऐवजी काकाचं नाव पडलं. बारा ताटांवर. शेठनी बाराही नावांवर वेल चढवली, तिला पानं फुटली, कळ्या आल्या, शेवटच्या ताटाला तर एक मोरही आला, आणि खाली मामाचं नाव बसवलं. त्या लग्नसराईत जो तो येऊन म्हणायचा, "शेठ, आमाला बी निरगुडसरवाल्यांसारखी वेल पायजे." शेठ शांतपणे म्हणायचे, "तशी रोज जमत नाय."

बारीक अंगाचे, दोरीनं बांधलेला चष्मा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. बोलणं मात्र माझ्या वडिलांच्यापेक्षा गावरान. मंचरचा सगळा संसार कांद्या-बटाट्यावर चालतो आणि शेठ धर्मानं दोन्ही खात नसत. ट्रकांच्या रांगेतून, कांद्याच्या वासातून वाट काढत दुकानात यायचे. मी एकदा विचारलं, "त्रास होत नाही का वासाचा?" तर म्हणाले, "खायचा नाय म्हनून वास बी घ्यायचा नाय का?"

आता मुख्य गोष्ट. दुकानात हंड्यांच्या उतरंडीशेजारी एक रंगीत टीव्ही होता आणि त्याचा आवाज कायम बंद असे. मशीनच्या करकरीत काही ऐकूच यायचं नाही, म्हणून शेठनी तो आवाज एकदा जो मिटवला तो मिटवलाच. सकाळी प्रवचनाचा चॅनल लावून ठेवायचे. प्रवचनही मुकंच. "महाराज चांगलंच सांगत असनार," म्हणायचे, "तोंडावर दिसतंय."

नव्वदीच्या मधल्या वर्षांत कधीतरी केबलवाल्यानं वायरींची अदलाबदल केली आणि प्रवचनाच्या जागी परदेशी गाण्यांचा चॅनल आला. शेठना वाटलं, जाहिरात असेल, संपल्यावर महाराज येतील. महाराज आले नाहीत. एक माणूस आला. तो ओव्हरकोट घालून बाथटबात बसला होता, टब हमरस्त्यावरून चौघं जण ओढत होते, आणि टबात हळूहळू मासे वाढत होते. माणूस रडत नव्हता, हसत नव्हता. गात होता. शेठचं मशीन थांबलं. हिंदी सिनेमातला हिरो बागेत का नाचतो हे त्यांना कळायचं, त्याला पोरगी आवडलेली असायची. पण याचं काय? पाचेक मिनिटांनी ते जिन्याखाली येऊन मला हाक मारते झाले.

"सर, तुमचं इंग्रजी घेऊन जरा खाली या."

मी गेलो. टीव्हीवर तोवर दुसरंच काही चालू होतं, पण शेठनी मला पहिल्या गाण्याचं वर्णन माशांच्या अंदाजे संख्येसह सांगितलं आणि विचारलं, "ह्याचं म्हननं काय हाय?"

मी गाणं पाहिलंही नव्हतं. पाहिलं असतं, आवाज मोठा करून ऐकलं असतं, तरी मला एक शब्द कळला नसता. छापलेलं इंग्रजी मला निम्मं कळे, बोललेलं पाव, आणि गायलेलं अजिबात नाही. पण खोलीबाहेर पाटी माझी होती. 'अस्खलित' हा शब्द मी तिच्यावर लाल रंगात लिहून घेतला होता. माणसानं अशा वेळी काय करावं? मी म्हणालो, "शेठ, त्याचं गाव धरणात गेलंय. पुनर्वसनात जमिनीऐवजी टब मिळालाय."

शेठ पुन्हा टीव्हीकडे वळले. आंबेगाव तालुक्यात धरणात गेलेल्या गावांची माणसं भांडी घ्यायला त्यांच्याकडेच यायची. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं बी हेच चाललंय."

त्या दिवसापासून मी परदेशी संगीताचा मंचर शाखेचा भाष्यकार झालो. एक म्हातारी शहराच्या नकाशाला इस्त्री करते, करता करता नकाशा पेटतो. अर्थ: रस्ता रुंद करताना तिला कोणी विचारलं नाही. दवाखान्यात सगळ्या रुग्णांना एकसारखी दाढी. अर्थ: सरकारी डॉक्टर सगळ्यांना एकच गोळी देतो. माझ्या हिशेबानं इंग्लंड-अमेरिकेतले झाडून सगळे कलावंत आंबेगाव तालुक्याच्या प्रश्नांवरच गात होते.

एकदा पडद्याच्या कोपऱ्यात 'अल्टरनेटिव्ह' असं आलं. शेठनी एकेक अक्षर माझ्याकडून वाचवून घेतलं आणि अर्थ विचारला. हा मला खरंच येत होता. "पर्यायी," मी म्हणालो.

"म्हंजे पूल खचल्यावर हायवेला लावत्यात ती पाटी? पर्यायी मार्ग?"

"तोच शब्द."

"तरीच. सरळ जातच नाय कुठं." तेव्हापासून त्या गाण्यांचं नाव 'वळनाची गाणी' पडलं. गिऱ्हाइकाला कुकर दाखवता दाखवता शेठ म्हणायचे, "थांबा पावणं, वळनाचं लागलंय."

मी अर्थ सांगायचो, पण पाहायचे ते शेठ. आणि ते जे पाहायचे ते पाहायला माझ्याकडे डोळे नव्हते. आयुष्यभर अर्ध्या इंचाच्या जागेत अक्षरं बसवलेला माणूस. त्याला पडद्यावरची गाणारी दिसायची नाही, तिच्या मागचं कपाट दिसायचं. टबातल्या माशांत एकच मासा चार वेळा येतो, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी पकडलं. दाढीवाल्यांच्या दवाखान्यात तिसऱ्या खाटेवरचा माणूसच आठव्या खाटेवर आहे. "मानसं कमी पडली त्यांना," शेठ समाधानानं म्हणाले. परदेशातसुद्धा कुठं कुठं भागवून न्यावं लागतं, हे शोधून काढण्यात त्यांना फार आनंद होता. एकदा घोडेगावकडची एक बाई डबे घ्यायला आली होती. पडद्यावरच्या नकाशावाल्या म्हातारीकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"अवो शेठ, ह्या बाईला कापडं न्हाईत का?"

"वयनी, कापडं सोडा. हातातली इस्त्री बघा. वायरच नाय. तापली कशी?"

बाईनं पदर काढून पाहिलं. "खरंच की वो," म्हणाली, आणि डबे न घेता गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

या नोंदी ठेवायच्या कुठं? मी वही सुचवली. शेठ म्हणाले, "वही उंदीर खातो. पिंप कोन खातंय?" दुकानात गिऱ्हाइकांसाठी पाण्याचं एक मोठं स्टीलचं पिंप होतं. त्याच्यावर काठापासून सुरुवात करून शेठनी नोंदी कोरायला घेतल्या. बोलताना कसेही बोलोत, भांड्यावर ते शुद्ध लिहीत. 'टबाचे गाणे. एकच मासा चार वेळा वापरला आहे. अर्थ : गाव धरणात गेले.' पुढे कंसात 'सर'. प्रत्येक ओळीत पहिला भाग त्यांचा, दुसरा माझा. लोक पाणी पिताना वाकून वाचायचे आणि माझ्याकडे आदरानं बघायचे. माझ्या वर्गाला त्या पिंपानं जेवढी पोरं मिळवून दिली तेवढी लाल रंगातल्या 'अस्खलित'नं दिली नाहीत.

मला भीती वाटायची का? वाटायची. स्टीलवरचा खोटेपणा कागदावरच्यापेक्षा जड असतो. पण मशीन सुरू झालं की आपोआप तोंडातून अर्थ बाहेर पडायचा. एक दिवस मात्र पडला नाही. माझी दाढ सुजली होती आणि तोंड उघडत नव्हतं. त्याच दिवशी एक नवीन वळणाचं गाणं लागलं. एक किडकिडीत पोरगा स्वयंपाकघरात उभा राहून एकच पातेलं घासतोय आणि खोली हळूहळू कलत चाललीय. एवढंच. शेठनी ते आठवडाभर, जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा पाहिलं. मग मला बोलावलं.

"सर, पातेलं बघा. पोचा कुठं हाय?"

पातेल्याला डाव्या अंगाला चांगला मोठा पोचा होता. कधीतरी आपटलं असणार.

"आता थांबा." गाणं निम्म्यावर आलं. "आता?"

पोचा उजव्या अंगाला होता.

"पातेलं फिरवलं असेल त्यानं," मी सुजल्या तोंडानं म्हणालो.

"कान नाय पातेल्याला? कान बघा. आपल्या समोरच हाय, तसाच. आनि पोरगं? आधी उजव्या हातानं घासत व्हतं, आता डाव्या. आवो, अर्धंच गानं काढलंय ह्यांनी. उरलेलं उलटं करून लावलंय, आरशात बघितल्यावानी. कुनाला कळलं नाय." मग हळूच म्हणाले, "अर्थ काय?"

दाढेत कळ आली. "माहीत नाही," मी म्हणालो.

शेठनी मान हलवली आणि इमानदारीनं कोरलं: 'पातेल्याचा पोचा डावीकडून उजवीकडे जातो. अर्धेच चित्रीकरण. अर्थ : माहीत नाही (सर).'

त्याच सुमारास त्या चॅनलवर आठवड्यातून एका दुपारी एक कार्यक्रम लागायचा. सोफ्यावर दोन निवेदक बसायचे आणि प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचे. कोणत्या गाण्यात काय चुकलं, कुठं कॅमेऱ्याची सावली पडली, कोणाचा शर्ट मध्येच बदलला. हे मला कानानं कळलं नाही, पडद्यावर पत्ता आणि सूचना लिहून आल्या तेव्हा कळलं. शेठना सांगितलं. त्यांनी मशीन खाली ठेवलं.

"सर, पोच्याचं पत्र लिवा."

"कशाला शेठ? ते हजारो पत्रांतून..."

"लिवा तुमी." मग भांड्यांकडे बघत म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची नावं घातली. अमुकचं, तमुकचं. कुनी आपलं नाव एकदा वाचावं. बाकी काय नाय."

ते एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी पुन्हा पत्राचं नाव काढलं नाही, पण दर आठवड्याला त्या दुपारी मशीन बंद असे.

मी पत्र लिहायला बसलो. 'पोचा'ला इंग्रजीत काय म्हणतात? मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे जुन्या बाजारातला एक मराठी-इंग्रजी शब्दकोश होता. त्यात 'पोच' या शब्दापाशी पान संपत होतं आणि पुढचं पान नव्हतं. 'पोच' म्हणजे पावती, कागद मिळाल्याची खूण. पुढं 'रिसीट' लिहिलं होतं. मी विचार केला. पोच स्त्रीलिंगी, पोचा पुल्लिंगी. नात्यातलेच असणार. कोणालाही विचारणं शक्य नव्हतं, कारण गावात इंग्रजी विचारायला लोक माझ्याकडे यायचे. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'द रिसीट ऑफ द व्हेसल इज गोइंग फ्रॉम लेफ्ट टू राइट.' म्हणजे भांड्याची पावती डावीकडून उजवीकडे चालली आहे. खाली शेठचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. टपालात टाकलं आणि विसरून गेलो.

पत्र वाचलं गेलं.

दोन महिन्यांनी. मी वर्गात 'हाऊ डू यू डू' घेत होतो. खालून शेठचा आवाज आला, "सर, लवकर." पोरांसकट जिना उतरलो. पडद्यावर निवेदकाच्या हातात आमचं पत्र. माझं अक्षर मी लांबूनही ओळखलं. शेठनी उभं राहून, हात पुसून, टीव्हीचा आवाज मोठा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या टीव्हीला आवाज आहे हे पोरांना तेव्हा कळलं.

निवेदकानं गावाचं नाव 'मॅन्चर' असं काहीतरी उच्चारलं. माणसाचं नाव घेतलं नाही. मग वाक्य वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. दोघंही हसायला लागले. एक जण सोफ्यावरून घसरला. मला त्यातला 'रिसीट' तेवढा कळला, कारण तो तीनदा आला. मग त्यानं खिशातून एक कागद काढला, डावीकडून उजवीकडे नेला, आणि पुन्हा हसले. पुढचं गाणं लागलं.

"काय म्हनले?" शेठनी विचारलं. डोळे चमकत होते. त्यांना वाटलं, पोचा पाहून हसले.

माझी सगळी पोरं मागं उभी होती. मी म्हणालो, "म्हणाले, फार बारीक नजर आहे."

आतल्या दारात शेठची सून चहा घेऊन उभी होती. लग्न होऊन दोनच महिने झाले होते, नाशिकच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिची माझी तोपर्यंत ओळख नव्हती, माझ्या पाटीची मात्र असावी. तिनं चहा ठेवला आणि खाली बघून, अगदी हळू म्हणाली, "सर, पोच्याला डेंट म्हणतात. रिसीट म्हणजे पावती."

माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं 'डेंट' वहीत लिहून घेतलं.

शेठनी आवाज पुन्हा बंद केला. मला वाटलं आता शिव्या येतील. त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "घ्या. गार व्हईल." पुढं बऱ्याच वेळानं, पोरं वर गेल्यावर, "म्हंजे पावतीला हसले. पोचा कुनी बघितलाच नाय."

"मी दुसरं पत्र लिहितो शेठ. सूनबाईंकडून तपासून."

"नको. एकदा हसल्यावर मानूस नीट बघत नाय."

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या टीव्हीला रोज दुपारी अर्धा तास आवाज यायला लागला. सून पिढीजात मर्यादेनं दारात उभी राहायची, गाणं ऐकायची, आणि सासऱ्यांना दोन वाक्यांत अर्थ सांगायची. त्यानंतर अर्धा तास मशीनची करकर. मी वर शिकवताना ती ऐकायचो आणि माझं व्याकरण चुकायचं.

पाणी प्यायला पिंपापाशी जावंच लागायचं. पहिलं फूल टबाच्या ओळीवर उमललं. 'अर्थ : गाव धरणात गेले'च्या जागी एक गुलाब. शेजारची 'एकच मासा चार वेळा' तशीच. तो माणूस, सुनेनं सांगितलं म्हणे, झोप येत नाही म्हणून गात होता. दोन दिवसांनी म्हातारीच्या अर्थावर झेंडू. मग दाढ्यांवर शेवंती. शेठनी मला एका शब्दानं विचारलं नाही. "सर" म्हणणं थांबवलं नाही. पोरांसमोर काही बोलले नाहीत. फक्त फुलं काढत राहिले. माणसाला फुलांची एवढी धास्ती वाटू शकते हे मला तेव्हा समजलं. गिऱ्हाइकं मात्र खूश. "शेठ, पिंप लई झ्याक दिसतंय. आमाला बी असं करून द्या."

"तशी रोज जमत नाय," शेठ म्हणायचे, आणि मी जिना चढायचो.

त्या उन्हाळ्यात मी पाटी उतरवली. पिंपही एके दिवशी दुकानातून गायब झालं, त्या जागी साधा माठ आला. मोडीत घातलं असणार, मला वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. मला जुन्नरला एका कचेरीत आवक-जावक लिपिकाची नोकरी लागली. आलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. दैवाला विनोदाची जाण असते, पण तो मला दिवसातून पन्नास वेळा ऐकवायची गरज नव्हती.

माझ्या लग्नात शेठ आले. टेम्पोतून पिंप घेऊन. लख्ख घासलेलं, काठापासून बुडापर्यंत फुलांनी भरलेलं. बायकोकडच्या बायका त्याच्याभोवती जमल्या. "केवढं काम केलंय," म्हणाल्या. त्यातलं फूल न् फूल मी ओळखत होतो. मधूनमधून शेठच्या नोंदी होत्या, सगळ्या शाबूत. माझी मात्र एकच ओळ फुलाविना सोडली होती: 'अर्थ : माहीत नाही (सर).'

आणखी एक गोष्ट बायकोच्या मावशीच्या ध्यानात आली. "देणाऱ्याचं नाव कुठंय?" नव्हतं. हजारो भांड्यांवर देणाऱ्यांची नावं घातलेल्या माणसानं स्वतःच्या भेटीवर आपलं नाव घातलं नव्हतं.

ते पिंप आमच्या स्वयंपाकघरात आलं. येणारा प्रत्येक पाहुणा पाणी प्यायला वाकतो आणि वाचतो. "हे 'सर' म्हणजे कोण?" विचारतो. बायको माझ्याकडे बोट करते. "आणि काय माहीत नाही?" "ते तुम्ही त्यांनाच विचारा," ती म्हणते. संसारात मला टोमणे मारायला तिला दुसऱ्या कशाची गरज पडली नाही.

दहा-बारा वर्षं गेली. कचेरीत संगणक आला, त्याला इंटरनेट आलं, आणि साहेब दौऱ्यावर असताना काय शोधावं हे न सुचून मी एकदा 'पातेलं घासणारा पोरगा' असं इंग्रजीत लिहिलं. या खेपेस शब्द बरोबर लिहिले. डेंटसकट. गाणं निघालं. आवाजासकट पहिल्यांदाच पाहिलं. अर्थ तेव्हाही कळला नाही. पण खाली लोकांनी लिहिलेलं होतं, आणि छापलेलं मला निम्मं कळतं. कुठल्यातरी देशातल्या कोणीतरी विचारलं होतं, पातेल्यावरचा डेंट बाजू का बदलतो? त्याखाली ज्यानं ते गाणं चित्रित केलं होतं त्याचं उत्तर होतं. दुसरं रीळ उजेड लागून खराब झालं, पैसे संपले होते, म्हणून पहिलंच उलटं करून जोडलं. 'मला वाटलं, पातेल्याकडे कोण बघतंय.'

मी ते तीनदा वाचलं, मग शब्दकोश घेऊन चौथ्यांदा. धड पानांचा, नवा. कागदावर छापून घेतलं, सवयीनं आवक नोंदवहीत नोंदवलं, शिक्का मारला. रविवारी पिंप घेऊन एसटीत बसलो. बायको म्हणाली, "पिंप कशाला? कागद न्या की." मी म्हणालो, त्याच्यावर घालून आणायचंय.

नारायणगावला गर्दी चढली. मंचरला उतरलो तेव्हा पिंपाच्या एका अंगाला पोचा आला होता.

दुकानात आता काउंटरवर सून होती, शेजारी संगणकावर चालणारं नावं घालायचं यंत्र. शेठ आत खुर्चीवर. टीव्हीवर सासू-सुनांची मालिका, मुकी. मला पाहिलं, पिंपाला पाहिलं.

"उजव्या अंगाला पोचा. खिडकीला बसला व्हता का? डाव्या बाजूच्या सीटवर, मांडीवर घेऊन. बरोबर?"

"बरोबर."

मी कागद दिला. सुनेनं मराठीतून सावकाश वाचून दाखवला. या वेळी मी मध्ये बोललो नाही. 'पातेल्याकडे कोण बघतंय' इथं शेठनी तिला थांबवलं. "परत वाच." तिनं परत वाचलं.

"विचारनारा कोन?"

"परदेशातला कोणीतरी. तुमचं नाव नाही त्यात शेठ," मी म्हणालो. "माझ्यामुळं."

"त्याला बी दिसला ना? मग झालं. पोचा तोच हाय." मग हात पुढं केला. "मशीन दे गं जुनं."

"पप्पा, मी करते कॉम्प्युटरवर. तुमचा हात..."

"कॉम्प्युटरला फूल काढायची येळ येत नाय."

पिंप मांडीवर घेतलं. ती जुनी करकर सुरू झाली आणि माझी दाढ, ती तर केव्हाच काढली होती, तरी ठणकली. पोच्याच्या ओळीखाली त्यांनी लिहायला घेतलं. हात फार हलत होता. बऱ्याच वेळानं मशीन थांबलं. मी वाकून वाचलं: 'पोचा मिळाली.'

शेठनीही वाचलं. चष्मा वर केला, परत वाचलं. "काना जास्त पडला," म्हणाले.

"राहू द्या शेठ. नाव घाला खाली तुमचं. त्या वेळी राहिलंय."

शेठनी सुई त्या कान्यावर टेकवली आणि पाच पाकळ्यांचं एक छोटं, वाकडं फूल काढलं. मग बोटानं आधी वरची सगळी फुलं दाखवली, एकेक करून, जराही घाई न करता.

"ही तुमची," म्हणाले. मग खालच्यावर बोट ठेवलं. "हे एक माझं."